उपमान

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी मुलगी बारावीत गेली आणि तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली, की राखीव प्रवर्गातून अभियांत्रिकीला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज करावेत. अर्जाच्या तयारीला लागल्यापासून प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत सात महिने गेले. कागदपत्रांसाठीचे हेलपाटे पुष्कळांच्या वाट्याला येतात, त्यांची तक्रार मला करायची नाही. मला लिहायचे आहे ते एका शब्दाविषयी, कारण त्या सात महिन्यांत तो मला सतत दोन ठिकाणी भेटत होता. कार्यालयात तो शब्द माझा आहे हे मी पुराव्यानिशी सिद्ध करत होतो आणि बाहेर तोच शब्द लोक एकमेकांना हिणवण्यासाठी वापरत होते. तो शब्द म्हणजे माझ्या जमातीचे नाव. आम्ही कैकाडी.

मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत २३ वर्षे मराठी शिकवतो आहे. माझे आडनाव निरनिराळ्या जातींच्या कितीतरी घरांत आढळते, त्यामुळे त्यावरून कोणाला काही कळत नाही. नेमणूक खुल्या जागेवर झाली. सेवापुस्तकात जातीची नोंद आहे, पण दुसऱ्याचे सेवापुस्तक उघडून कोण वाचतो? मी काही लपवले नाही असे मी स्वतःला सांगत आलो. परंतु कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आमच्या शिक्षकखोलीत एक ज्येष्ठ बाई आहेत. गरीब मुलींच्या परीक्षेच्या शुल्काची वेळ आली की न सांगता पदरचे पैसे भरणाऱ्या, आजारी सहकाऱ्याचे तास स्वतःहून घेणाऱ्या. मुली मोठमोठ्याने बोलू लागल्या की त्या म्हणत, "काय गं, कैकाडणींसारख्या भांडताय!" मुली हसत, बाईही हसत. त्यात राग नसे, कोणाला दुखवावे असा हेतूही नसे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे मला कधी जमले नाही. एका वर्षी शाळेची सहल पंढरपूरला गेली होती. तेथे कैकाडी महाराजांच्या मठात बाईंनी सर्व मूर्तींसमोर मनोभावे हात जोडले, मुलींना संतांची माहिती सांगितली आणि परतीच्या गाडीत खिडकीजवळच्या जागेवरून दोन मुलींचे वाजले तेव्हा त्याच सहजपणे तोच शब्द त्यांच्या तोंडून गेला. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

हा एकच शब्द असता तर गोष्ट वेगळी. घर पसरलेले दिसले की "लमाणांचा तांडा करून ठेवलाय" म्हणतात, निगरगट्ट माणसाला बेरड म्हणतात, फसवणाऱ्याला भामटा म्हणतात, मोठ्या आवाजाच्या बाईला वडारीण आणि अंगाला माती लागलेल्या मुलाला पारध्याचे पोर म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावे आहेत. बेरड, भामटा, कैकाडी, वडार, रामोशी, बंजारा, राजपारधी ही त्यांतलीच. अर्जाच्या निमित्ताने ती यादी मी प्रथमच नीट वाचली. यांतील कितीतरी नावे मी आधी विशेषणे म्हणून ऐकली होती आणि ती माणसांची आहेत हे मला नंतर कळले होते.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी उपमा अलंकार शिकवतो. उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द अशी त्याची चार अंगे फळ्यावर लिहितो. उपमान निवडताना एक पथ्य असते: तो गुण उपमानाच्या ठायी आहेच, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात शंका असता कामा नये. चंद्र सुंदर आहे की नाही यावर कोणी वाद घालत नाही, म्हणून तर मुखाला चंद्राची उपमा देता येते. "कैकाडणीसारखी भांडते" या वाक्यात भांडणारी मुलगी हे उपमेय आहे, तिच्याविषयी काहीतरी नव्याने सांगितले जात आहे. कैकाडीण हे उपमान आहे, तिच्याविषयी काही सांगण्याची गरजच उरलेली नाही, ती तशीच असते हे वाक्य सुरू होण्यापूर्वी ठरलेले आहे. शिवीमध्ये निदान आरोप असतो आणि आरोप नाकारता येतो. उपमानाला नाकारायला जागाच नसते.

ते उपमान म्हणजे माझी आई. आता ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे. निरगुडीचे फोक आणि तुरकाठ्या यांच्या पाट्या, डाली, कोंबड्यांची खुराडी आणि धान्याच्या कणग्या विणून तिने आम्हा चौघा भावंडांना वाढवले. वडील गिरणीत होते, पण गिरणीचा पगार कधी पुरला नाही. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आतल्या बाजूने एक खोल घळ पडलेली आहे, फोक दाबून दाबून पडलेली. लहानपणी मी त्या घळीत माझे बोट ठेवून झोपत असे. आठवड्याच्या बाजाराला तिच्याबरोबर जाताना मी तिला भांडताना पाहिले आहे आणि ती का भांडत असे हेही पाहिले आहे. कणगीच्या बदल्यात पायलीभर ज्वारी ठरलेली असे. देणारा माप भरताना शीग, म्हणजे काठावर चढणारी रास, न लावता सपाट हात फिरवी, किंवा कणगी ताब्यात घेतल्यावर "पुढच्या बाजारी ये" म्हणे. ती मोठ्याने बोलली नाही तर त्या दिवशी घरी भाकरी कमी पडे. तिच्या बाजूने बोलायला पाटील नव्हता, पावती नव्हती आणि त्या गावात आमचे घरही नव्हते. तिच्याजवळ फक्त आवाज होता. भरल्या बाजारात चार माणसे वळून पाहतील इतका तो चढला की मापाला शीग लागे. वळून पाहणाऱ्या त्या चार माणसांनी घरी जाऊन काय सांगितले असेल, हे त्या उपमेवरून कळते. मापाचे मात्र कोणी सांगितले नाही.

जुलैमध्ये कागद जमवायला सुरुवात केली. मुलीचा जातीचा दाखला, तिचा आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, वंशावळीचे शपथपत्र. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. यात मला अन्याय दिसत नाही. खोटे दाखले काढून दुसऱ्याच्या जागा घेणारी माणसे आहेत आणि त्यांची झळ आमच्यासारख्या लहान जमातींना अधिक बसते. अर्ज ऑनलाइन भरण्यासाठी मी आणि मुलगी एका सेवा केंद्रात गेलो. रांगेत दोन बायकांची क्रमांकावरून बोलाचाली झाली. संगणकावर बसलेला मुलगा आमचाच अर्ज भरत होता. जातीच्या रकान्यात त्याने यादीतून कैकाडी हे नाव निवडले होते, ते पडद्यावर उमटलेले होते, आणि मान वर न करता तो त्या बायकांना म्हणाला, "अहो मावशी, कैकाड्यांसारखं भांडू नका, सगळ्यांचे नंबर येणार आहेत." त्याने पुढचा रकाना उघडला. आपण आत्ता काय निवडले आणि काय बोललो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याच्या मनातही आले नाही. माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिलो. घरी परतताना ती फक्त एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत." त्या वाक्यात दोष देण्याचा सूर नव्हता, तिने पाहिले तसे सांगितले होते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मुलाविरुद्ध तक्रार करण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. विशीतला पोर, ऐकलेले बोलला. परंतु कायदा काय म्हणतो ते समजून घ्यावे असे वाटले, म्हणून वकिली करणाऱ्या एका मित्राला विचारले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे, पण तो कायदा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी आहे. कैकाडी अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, मात्र फक्त विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका त्यातही वगळलेला आहे. उरलेल्या महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती आहोत. एखादी जात राज्याच्या ठरावीक भागातच यादीत धरायची, हे क्षेत्रबंधन १९७६ साली बहुतेक जातींवरून उठवले गेले तेव्हाही आमचे राहून गेले. म्हणजे नागपुरात एखाद्या कैकाडी माणसाला भर चौकात जातीवरून अपमानित केले तर त्याला या कायद्याचा आधार आहे, आणि तेच शब्द सोलापुरात, पुण्यात किंवा कोल्हापुरात कानावर आले तर नाही. आणि उपमा म्हणून वापरलेला शब्द तर कोणत्याच जिल्ह्यात कोणत्याही कलमात बसत नाही, कारण तो आमच्यापैकी कोणाला उद्देशून उच्चारलेलाच नसतो. मित्राने हे सर्व शांतपणे सांगितले. नकाशावरची ती रेषा मला मात्र अनेक दिवस विसरता आली नाही.

वडिलांच्या नोंदीसाठी सोलापूरला जावे लागले. शहराच्या एका भागाला तेथील लोक आजही सेटलमेंट म्हणतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो ही गोष्ट सरकारी कागदावर आली. जमातीच्या जमाती तारेच्या कुंपणाआड आणून ठेवल्या गेल्या. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. तेथील माणसे दिवसा गिरणीत राबत आणि ठरलेल्या वेळी हजेरी देत. आजोबांना लग्नाकार्यासाठी परगावी जायचे तर पास काढावा लागे, असे वडील सांगत. रात्रीच्या हजेरीची हाक त्यांना शेवटपर्यंत आठवत होती. आपले नाव पुकारले गेले की आजोबा कसे ताडकन उभे राहत, हे ते स्वतः उभे राहून दाखवत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. आमच्या लोकांत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला आणि त्यातली नावे उपमांमध्ये राहिली.

नोंदवही जुन्या कापडी बांधणीची होती, कडा झिजलेल्या. लिपिकाने सांभाळून एकेक पान उलटले. १९५१ च्या जूनमध्ये वडिलांचे नाव सापडले: बोरूने लिहिल्यासारखे जाड, वळणदार अक्षर, पालकाचा धंदा गिरणी कामगार, राहण्याचे ठिकाण सेटलमेंट आणि जातीच्या रकान्यात हिंदू कैकाडी. मी त्या अक्षरांवर बोट ठेवले. ज्या नावाने माझ्या आजोबांना कुंपणात ठेवले, तेच नाव त्या रकान्यात स्पष्ट लिहिलेले असावे म्हणून मी आदल्या रात्रभर प्रार्थना करत होतो. लिपिकाला काय वाटले कोण जाणे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि उतारा स्वतःच्या हाताने काळजीपूर्वक लिहिला. त्या गृहस्थांची आठवण मला पुढे अनेकदा आली.

ऑक्टोबरमध्ये जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे अधिकारी घरी आले. १९९४ साली कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात प्रत्यक्ष घरी आणि शाळेत जाऊन चौकशी करण्याची तरतूद आहे. अधिकारी पोलीस खात्यातील होते. वर्दीत नव्हते, तरीही ते दारात दिसताच आई आपोआप उठून उभी राहिली. तिला कोणी उभे राहायला सांगितले नव्हते. अधिकाऱ्यांनी "बसा आजी" म्हटल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग प्रश्न सुरू झाले: मूळ गाव, कुलदैवत, लग्नातल्या रीती, मर्तिकाचे विधी, पिढीजात व्यवसाय. मी सांगत गेलो. त्यांनी मुलीला विचारले, "घरात तुमची बोली बोलता का?" ती म्हणाली, "नाही." तिला एक वाक्यही येत नाही.

हे माझे काम आहे. कैकाडी बोली द्राविड कुळातली, तमिळला जवळची; मराठी कानाला ती लगेच वेगळी जाणवते. बसमध्ये, दवाखान्यात, शाळेच्या दारात आई ती बोलली की लोक मागे वळत आणि सामान जवळ ओढून घेत. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिला म्हणालो होतो, की बाहेर असे बोलू नकोस. तिने ऐकले. लग्न झाल्यावर मी घरातही ती बोली बंद केली, मुलीच्या कानावर पडू दिली नाही, का तर तिने शाळेत चुकून एखादा शब्द उच्चारला तर ओळखली जाईल. आणि आता एक अधिकारी समोर बसून तिला कैकाडी असल्याची खूण मागत होता व ती द्यायला तिच्याजवळ काही नव्हते. तेव्हा आई पुढे झाली. तिने नातीकडे पाहून आमच्या बोलीत बोलायला सुरुवात केली. कितीतरी वर्षांनी मी ती इतक्या मोठ्या आवाजात ऐकत होतो. कणगी कशी विणतात, गाढवावर बिऱ्हाड कसे लादतात, पावसाळ्यात पाल कोठे टाकायचे, असे काहीबाही ती सांगत होती. अधिकाऱ्यांना अर्थ कळत नव्हता, मला कळत होता. त्यांनी थांबून ऐकले आणि जबाबात तिला बोली अवगत असल्याचे लिहिले. तिने अंगठा उमटवला. शाई त्या घळीत उतरली नाही, तेवढी रेघ कागदावर पांढरी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकखोलीत सांगितले. भाषण केले नाही, मधल्या सुट्टीत बाई एकट्या बसल्या होत्या, त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही मुलींना कैकाडीण म्हणता. मी कैकाडी आहे. माझी आई कैकाडीण आहे." त्यांचा चेहरा उतरला. "अहो सर, तुमच्याबद्दल नव्हतं ते," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "तुम्ही तसे वाटतच नाही." त्या हे माझे सांत्वन म्हणून बोलल्या, हे मला समजत होते. तसे म्हणजे कसे, हे मी विचारायला हवे होते. मी एवढेच म्हणालो, की माझ्याबद्दल नसेल, पण आईबद्दल आहे. त्यानंतर कित्येक आठवडे आम्हा दोघांनाही एकमेकांशी बोलणे अवघड झाले. आता त्या माझ्यासमोर तो शब्द वापरत नाहीत. एकदा दाराबाहेरून मला तो ऐकू आला, मी आत गेलो तेव्हा बोलणे थांबले आणि दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी नको तेथे आलेला माणूस झालो होतो. पूर्वी शब्द मला टोचत होता, आता माझे असणे त्यांना टोचत होते. या दोहोंत कोणते बरे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मात्र पुन्हा गप्प बसण्याची माझी तयारी नाही.

जानेवारीत प्रमाणपत्र आले. त्याच महिन्यात नववीला उपमा शिकवण्याची वेळ आली. मी उदाहरणे मागितली. दोन-तीन पुस्तकी उदाहरणे आल्यावर एका हुशार मुलीने हात वर करून सांगितले, "ती कैकाडणीसारखी भांडते." उदाहरण व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते. मी ते फळ्यावर लिहिले, उपमानाखाली रेघ ओढली आणि विचारले, की तुमच्यापैकी कोणी कैकाडीण पाहिली आहे का. ५२ मुलांत एकही हात वर आला नाही. मग मी टेबलाखाली ठेवलेली आईची पाटी वर काढली. ती मी त्या दिवशी मुद्दाम आणली होती, कारण असे उदाहरण आज ना उद्या येणार हे मला माहीत होते. पाटी बाकाबाकांवरून फिरली. मी त्यांना बाजार सांगितला, पायली सांगितली, शीग म्हणजे काय तेही सांगावे लागले. ती बाई माझी आई आहे हेही सांगितले. उदाहरण देणारी मुलगी खाली मान घालून बसली; तिचा काही दोष नाही, हे मी तिला वर्गासमोरच म्हटले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा पाटी उलटी करून बराच वेळ तिचा तळ न्याहाळत होता. त्याने विचारले, "सर, याची सुरुवात कुठून करतात? पहिला फोक कोणता?" मी पाटी हातात घेऊन पाहिले. मला येत नव्हते. मी शिकावे म्हणून आईने मला कधी फोकाला हात लावू दिला नव्हता. उद्या सांगतो असे त्याला म्हणालो, आणि शाळा सुटल्यावर आईला विचारण्यासाठी पाटी घेऊन घरी गेलो.